डोळ्यांचे पारणे केव्हा फिटते?

वाराणसीच्या चौकातून कुंजगलीत शिरलेल्या आणि घरच्या लग्नकार्यासाठी बनारसी शालू घ्यावयास आलेल्या मराठी कुटुंबाचा अनुभव बहुधा ठरलेला असतो. पांढऱ्याशुभ्र गादीवर बसलेला दुकानदार फारसे काही विचारीत नाही. तो पहिला शालू उलगडतो, त्याचा पदर पाहुण्यांच्या गुडघ्यांपर्यंत सरकवितो, आणि किमतीची चौकशी होण्याच्या आत दुसरा शालू त्याच्यावर येऊन पडतो. पहिल्या दोन-तीन नगांना मंडळी यथास्थित न्याय देतात. बुट्टी कशी भरली आहे, काठ किती रुंद आहे, जर अस्सल की नकली, याची कसून विचारपूस होते. आठव्या-दहाव्या शालूला नुसतेच "छान, छान" असे उद्गार निघू लागतात, आणि विसावा उघडला गेला की घरातील वडीलधारी बाई हमखास म्हणते, "तो पहिलाच दाखवा पाहू पुन्हा!"

समोरची संपत्ती वाढत गेली आणि पाहणे मात्र आटत गेले, हे कसे झाले? शिवाय हेच कुटुंब संध्याकाळी पंचगंगा घाटावर गेले आणि तेथे शेकडो दिवे एकदम दृष्टीस पडले, तर डोळे थकण्याऐवजी तृप्त होतात, याचा उलगडा कसा करावयाचा? दृश्याच्या विपुलतेचे असे निरनिराळे परिणाम माणसाने फार पूर्वी ओळखले आणि प्रत्येकासाठी स्वतंत्र वाक्प्रचार घडविला. मराठीत ते आहेत, काशीच्या बोलीत आहेत, आणि हाँगकाँग व क्वांगतुंग प्रांतात बोलल्या जाणाऱ्या कँटोनीज भाषेतही आहेत. त्या दूरच्या भाषेतील एका वाक्प्रचाराचा अर्थ नीट लावला, तर आपल्या रोजच्या वापरातील वाक्प्रचारांचीही रुजुवात होते. म्हणून हा खटाटोप.

डोळ्याची ऐपत किती?

वाक्प्रचारांकडे वळण्यापूर्वी ज्या इंद्रियाविषयी ते बोलतात त्याचा जमाखर्च पाहिला पाहिजे. आपणास समोरचा सारा देखावा एकाच वेळी आणि सारख्याच स्पष्टपणे दिसतो अशी आपली समजूत असते. ती खरी नाही. डोळ्याच्या मागील पडद्यावर पीतबिंदू नावाचा भाग असून त्याच्या मध्यभागी सुमारे दीड मिलिमीटर व्यासाचा एक खळगा आहे. बारीक तपशील टिपणाऱ्या पेशी तेथेच दाटीने वसलेल्या असल्यामुळे तीक्ष्ण दृष्टी काय ती त्या खळग्यापुरतीच. हात पुढे ताठ धरून अंगठ्याच्या नखाकडे पाहावे. ते नख जेवढे क्षेत्र व्यापते, जवळजवळ तेवढेच क्षेत्र एका वेळी खरोखर स्पष्ट दिसते. बाकीचे सारे धूसर असते; तेथे काहीतरी आहे, हलते आहे, लाल किंवा पिवळे आहे, एवढीच वर्दी त्या भागातून मिळते.

मग अखंड चित्र कोठून येते? ते नजरेच्या उड्यांतून येते. डोळा दर सेकंदास सुमारे तीन वेळा एका जागेवरून दुसरीवर झेप घेतो, तेथे क्षणभर टेकतो आणि पुन्हा उडतो. काळोख्या धान्यकोठीत कंदील फिरवून कोठे काय ठेवले आहे याचा अंदाज घेणाऱ्या कारभाऱ्याप्रमाणे डोळ्याचा हा व्यवहार चालतो. उजेड पडेल तेवढेच दिसते आणि उरलेल्याची कल्पना आठवणीवर बेतावी लागते. त्यातही आठवणीची थैली लहान. क्षणभर दाखवून झाकलेल्या वस्तूंपैकी तीन-चारच आपणास नेमक्या सांगता येतात, असे प्रयोगांत आढळले आहे. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी बारा कोटींहून अधिक, आणि त्यांचा मजकूर मेंदूकडे नेणारे तंतू अवघे दहा लाखांच्या घरात. म्हणजे काटछाट ही पाहण्याच्या क्रियेत मुळापासूनच आहे.

विसाव्या शालूपाशी थकवा का येतो हे आता ध्यानात येईल. प्रत्येक शालूवर तीक्ष्ण नजर टेकविण्यासारखी शेकडो स्थाने असतात, आणि ती पुरती पाहून होण्याच्या आत दुसरा शालू येऊन पहिल्याची आठवण पुसून टाकतो. पहिला शालू तेवढा सवडीने पाहिलेला असतो, म्हणून मन त्याच्याकडे परत धाव घेते. विपुलतेची जाणीव समोरच्या ढिगावरून ठरत नाही. डोळ्याला मिळालेली सवड, त्याला लागलेली ओढ आणि त्याच्या पदरी पडलेले मोल, या तीन गोष्टींवरून ती ठरते. निरनिराळ्या भाषांतील वाक्प्रचार या तिहींपैकी एकेकीला धरून ठेवतात.

रत्नांनी भरलेली नजर

कँटोनीज भाषेतील ज्या वाक्प्रचाराचा वर उल्लेख केला तो असा : "लाम लोंग मुन मुक". पहिली दोन अक्षरे उत्तम प्रतीच्या जेड रत्नांची नावे होत. या रत्नांचे लोलक एकमेकांवर आपटून होणाऱ्या किणकिणाटाचाही त्यांतून बोध होतो. 'मुन' म्हणजे भरलेले आणि 'मुक' म्हणजे डोळा. सारांश, "रत्नांनी नजर भरून गेली."

चिनी लिपीत लिहिणाऱ्या सर्व भाषांना असे चार-अक्षरी वाक्प्रचार समाईक असून प्रत्येक भाषा ते आपापल्या उच्चाराने वाचते. त्यांची भाषा ग्रांथिक असते. कँटोनीज माणूस घरात बोलताना डोळ्याला 'मुक' म्हणत नाही. त्याचा रोजचा शब्द 'ङान'. 'मुक' हा पुस्तकी शब्द, आपल्याकडे घरात 'डोळा' आणि व्यासपीठावर 'नेत्र' म्हणावे तसा. त्यामुळे भाजीच्या टोपलीविषयी बोलताना हा वाक्प्रचार कोणी काढीत नाही. वर्तमानपत्रातील वृत्तांत, प्रदर्शनाचे निमंत्रण, शाळकरी मुलाचा निबंध, हे त्याचे मुलूख.

त्याचा उगम पाचव्या शतकातील एका ग्रंथात सापडतो. ल्यू यीछिंग (मृत्यू इ.स. ४४४) या राजघराण्यातील गृहस्थाच्या नावावर असलेल्या 'शिश्वो शिन्यू' या आख्यायिका-संग्रहात पूर्वीच्या चिन राजवटीतील थोर पुरुषांचे किस्से आहेत. त्यांतील रूप आणि डौल यांविषयीच्या प्रकरणात अशी हकीगत येते की, एक मनुष्य वांग यान नावाच्या बड्या अधिकाऱ्याच्या भेटीस गेला असता तेथे त्याला वांग घराण्यातील तीन नामांकित पुरुष बसलेले आढळले. पलीकडच्या दालनात गेला तो तेथेही त्याच घराण्यातील आणखी दोघे. आणि परत आल्यावर त्याने लोकांस सांगितले की, आज जिकडे दृष्टी गेली तिकडे मला रत्नेच दिसली.

या हकीगतीतील दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. एक, यजमान वगळता त्या घरात पाहिलेली माणसे मोजून पाच. म्हणजे रत्नांनी नजर भरण्यास ढीग लागत नाही, नजर जेथे टेकेल तेथे टेकण्यालायक काही असावे लागते. दुसरी, हे उद्गार मुळात माणसांविषयीचे. पुढे ते वस्तूंकडे वळले, आणि आज हा वाक्प्रचार दुकानातील जिन्नस, पुस्तके, कलाकृती, दागिने यांच्यासाठी योजिला जातो. चिनी नववर्षापूर्वी हाँगकाँगच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये भरणाऱ्या फुलांच्या बाजाराचे वर्णन करताना तो सहज शोभतो. रद्दीच्या ढिगाविषयी मात्र तो लावला तर उपहास होतो, कारण रत्नाची अट त्यात गर्भित आहे.

सवड नसलेला डोळा

त्याच भाषेतील दुसरा वाक्प्रचार "मुक पत हा खाप" असा असून त्याचा आशय "डोळ्याला पुरे पडण्याची सवड नाही" असा आहे. येथे रत्नाची अट गळून पडते आणि वेगाची अट येते. सवड न मिळण्याची ही कल्पना 'शिश्वो शिन्यू'मध्येही भेटते : वांग शियेनचृ या प्रसिद्ध सुलेखनकाराने शानयिन गावच्या रस्त्याविषयी म्हटल्याचे तेथे नमूद आहे की, त्या वाटेने जाताना डोंगर आणि नद्या एकमेकांस असे काही उजळवितात की येणाऱ्या दृश्यांचे स्वागत करावयास पांथस्थाला फुरसत उरत नाही.

काशीत या वाक्प्रचाराची प्रचीती नावेत बसून घ्यावी. गंगा येथे उत्तराभिमुख वाहते आणि सुमारे ८४ घाटांची रांग तिच्या पश्चिम तीरावर अर्धचंद्राकार पसरलेली आहे. नाव प्रवाहाबरोबर निघाली की अहिल्याबाई घाट, दशाश्वमेध, मणिकर्णिका, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास बांधविलेला आणि स्वतःच्याच भाराने खचलेला शिंदे घाट, नागपूरकरांचा भोसले घाट, त्यापुढे पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट, असे एकामागून एक येत राहतात. मराठी प्रवाशास यांतील निम्मी नावे घरची वाटतात, म्हणून तो प्रत्येक पायरीवर नजर रोवू पाहतो. परंतु नाव थांबत नाही. शिंद्यांच्या घाटावरील कललेले देऊळ डोळाभर पाहून होते न होते तोच भोसल्यांचे उंच बुरूज समोर ठाकतात.

अशा वेळी मराठी माणूस म्हणतो, "पाहायला दोन डोळे अपुरे पडले." चिनी भाषेने सवड कमी पडल्याची तक्रार केली, आपण डोळ्यांची संख्या कमी पडल्याची करतो. वर सांगितलेल्या नजरेच्या उड्या ध्यानात घेतल्या तर चिनी तक्रार शरीरशास्त्राला अधिक धरून आहे असे म्हणावे लागेल. कारण नाव जागच्या जागी उभी केली, तर आहेत तेच दोन डोळे पुरतात.

दिपणे, निवणे आणि रेलचेल

आता आपल्या घरच्या शब्दांकडे वळू. 'रेलचेल' हा त्यांतील सर्वांत साधा. आंब्यांची रेलचेल, पाहुण्यांची रेलचेल. मालाच्या मुबलकपणाची ही निव्वळ नोंद असून पाहणाऱ्याचे काय झाले याविषयी ती काहीच बोलत नाही. ठठेरी बाजारातील पितळी भांड्यांच्या उतरंडींना तो शब्द अगदी चपखल बसतो.

'डोळे दिपणे' हा शब्दशः शारीरिक प्रकार आहे. अंधुक प्रकाशात उपयोगी पडणाऱ्या पेशींत एक रंगद्रव्य असते. प्रखर प्रकाश पडताच ते उडून जाते, आणि ते पूर्ववत साठावयास अंधारात वीस ते तीस मिनिटे लागतात. तेवढा वेळ अंधुकातले काही दिसत नाही. कुंजगलीतील किनखाबाचा तुकडा दिव्याखाली धरला असता हीच गोष्ट अल्प प्रमाणात घडते. अस्सल जर म्हणजे चांदीची तार ठोकून चपटी करावयाची, ती रेशमी धाग्यावर गुंडाळावयाची आणि तिला सोन्याचा मुलामा द्यावयाचा; या चपट्या पट्टीमुळे प्रत्येक वेढा इवल्याशा आरशाचे काम करतो, आणि कापड किंचित हलविले की हजारो वेढ्यांवरून प्रकाश एकदम उसळतो. नक्षी त्या क्षणापुरती नाहीशी होऊन नुसते तेज उरते. म्हणून 'डोळे दिपले' यात कौतुक असले तरी पाहणे खुंटल्याची कबुलीही आहे. वैभवाने डोळे दिपलेल्या माणसाला विवेक सुटल्याचा दोष आपण लावतो तो याच कारणाने.

याच्या उलट 'डोळे निवणे'. निवणे म्हणजे थंड होणे. काशीकडील भोजपुरीतही 'आँख जुड़ा गइल' असे म्हणतात, आणि तेथील 'जुड़ाना' म्हणजेही थंडावणे. उन्हाळ्याने पोळलेल्या मुलखातील या दोन्ही बोलींनी तृप्तीची कल्पना गारव्यातून करावी हे स्वाभाविकच होय. येथे विपुलतेची गरजसुद्धा नाही; परगावाहून आलेल्या एकुलत्या एका नातवाला पाहूनही आजीचे डोळे निवतात.

पारणे म्हणजे वसुली

राहिला 'डोळ्यांचे पारणे फिटणे', आणि मराठीचे वैशिष्ट्य याच्यात सर्वांत जास्त आहे. एकादशीचा उपवास द्वादशीस सोडावयाचा, त्या सोडण्याच्या जेवणाला पारणे म्हणतात. 'पार' म्हणजे पैलतीर. व्रत पार पडले, त्याचे हे चिन्ह. 'फिटणे' हे क्रियापद मात्र देवघरातले नसून चोपडीतले आहे : कर्ज फिटते, नवस फिटतो, शंका फिटते. फिटावयाचे म्हणजे आधी काहीतरी थकलेले असावे लागते. तेव्हा या वाक्प्रचाराचा हिशेब असा की डोळे पुष्कळ दिवस उपाशी होते, दर्शनाची बाकी साचली होती, आणि ती आज चुकती झाली.

चिनी वाक्प्रचार मोल पाहतो किंवा वेग पाहतो. मराठी वाक्प्रचार त्यापूर्वीची भूक पाहतो. भूक नसेल तेथे कितीही पंचपक्वान्ने वाढली तरी त्यास पारणे म्हणता येत नाही, हे ज्याने एकादशी केली आहे त्याला सांगावे लागणार नाही.

पंचगंगेवरील कसोटी

कार्तिकी पौर्णिमेस, म्हणजे दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी, काशीच्या घाटांवर देवदिवाळी साजरी होते. पंचगंगा घाट हे त्या उत्सवाचे जुने स्थान. येथे कार्तिकभर बांबूंच्या टोकांना टोपल्या बांधून त्यांत आकाशदीप लावतात, आणि येथेच 'हजारा' नावाची दगडी दीपमाळ उभी आहे. ती अहिल्याबाई होळकरांनी बांधविली असे सांगतात. जेजुरीची दीपमाळ ज्याने पाहिली आहे त्याला तिचा घाट ओळखीचा वाटेल. वरच्या अंगास बिंदुमाधवाचे देऊळ आहे, ते औंधच्या पंतप्रतिनिधींनी उभारलेले. शेजारच्या दुर्गाघाट-ब्रह्माघाटावर महाराष्ट्रीय कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. एकनाथ महाराजांनी आपले भागवत शके १४९५ (इ.स. १५७३) च्या कार्तिकी पौर्णिमेसच वाराणसीत पूर्ण केले, हाही योग मराठी माणसाने ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

या एका रात्रीत आपल्या साऱ्या वाक्प्रचारांची कसोटी लागते. सूर्य मावळल्यापासून पायरीवर बसून राहिलेल्या माणसाचे डोळे हळूहळू अंधाराला सरावतात. पौर्णिमेचे चांदणे असले तरी ते मंद असल्यामुळे त्या सरावास फारसा अडथळा येत नाही. दीपमाळेवरील पहिली ज्योत पेटते, मग दुसरी, मग एकेक कोनाडा उजळत जातो. तेलाच्या पणतीचे तेज मंद असल्यामुळे ती डोळ्यांवर हल्ला करीत नाही. सर्व पणत्या एकसारख्या असल्यामुळे प्रत्येकीवर नजर टेकविण्याचे ओझे पडत नाही, त्यांचा एकच आकार एका दृष्टिक्षेपात समजतो. आणि तासभर वाट पाहिलेली असल्यामुळे डोळ्यांची बाकी साचलेली असते. सवड आहे, ओढ आहे. येथे पारणे फिटते.

तोच माणूस त्याच रात्री विजेच्या प्रखर झोतांनी उजळलेल्या दुसऱ्या घाटावर गेला, तर त्याचे डोळे दिपतील. वेगाने जाणाऱ्या नावेतून त्याने सारी रोषणाई पाहिली, तर दोन डोळे अपुरे पडतील. एकच शहर आणि एकच रात्र असूनही तीन निरनिराळे वाक्प्रचार खरे ठरतात, कारण प्रत्येक वेळी डोळ्याची स्थिती निराळी असते.

प्राचीन काळच्या एका चिनी प्रवाशाने याच शहराविषयी काय नोंदविले हे पाहणे येथे अप्रस्तुत होणार नाही. सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्युएनत्संगाने इ.स. ६४६ मध्ये सिद्ध झालेल्या आपल्या वृत्तांतात वाराणसीची दाट वस्ती, एकमेकांस लागून असलेली घरे, नागरिकांची अपार दौलत आणि दुर्मिळ वस्तूंनी भरलेली दालने यांचा निर्देश केला आहे. ते एका जबाबदार निरीक्षकाचे टिपण आहे. त्यात मालमत्तेची नोंद आहे, स्वतःच्या डोळ्यांची हकीगत नाही. आपल्या भाषेत सांगावयाचे तर त्याने रेलचेल लिहिली, पारणे लिहिले नाही. आणि वर्णन व वाक्प्रचार यांतील फरक तो हाच.

वापरताना घ्यावयाची काळजी

'पारणे' हा शब्द एकवचनी नपुंसकलिंगी असल्यामुळे "डोळ्यांचे पारणे फिटले" असे म्हणावयाचे. फिटणे हे आपोआप घडते, फेडणे हे कोणी तरी करते; म्हणून "तो सोहळा पाहून डोळ्यांचे पारणे फिटले", परंतु "त्या सोहळ्याने डोळ्यांचे पारणे फेडले". हल्लीच्या वृत्तांतांत शाळेच्या संचलनापासून नव्या दुकानाच्या उद्घाटनापर्यंत प्रत्येक प्रसंग कोणाचे ना कोणाचे पारणे फेडीतच असतो. अशाने शब्द गुळगुळीत होतो. ज्या दृश्याची कोणी वाट पाहिली नव्हती, त्याला दुसरा शब्द शोधावा. पन्नास वर्षांनी काशीस आलेल्या वृद्धेला गंगा दिसली, तर तेथे ना गर्दी लागते ना रोषणाई. एका नदीने पारणे फिटते. उलट शालूंच्या दुकानात विसावा शालू पाहणाऱ्या मंडळींचे पारणे फिटणे कठीण, कारण त्यांचा उपवास दुसऱ्याच शालूला सुटलेला असतो.

कँटोनीज वाक्प्रचार मराठीत आणावयाचा झाल्यास "रत्नांनी नजर भरली" असे सरळ म्हणता येईल. ग्रंथालयातील निवडक हस्तलिखिते, वस्तुसंग्रहालयातील मूर्ती, एखाद्या मैफलीत जमलेले कलावंत, जेथे संख्या बेताची पण प्रत्येक वस्तू पाहण्यालायक, तेथे आपल्या 'रेलचेल'ला जे साधत नाही ते या कल्पनेने साधेल.

चौकट : कोणता वाक्प्रचार केव्हा?

रेलचेल : माल मुबलक आहे एवढेच सांगावयाचे असेल तेव्हा.
डोळे दिपणे : तेज किंवा वैभव इतके की पाहणेच खुंटावे, तेव्हा.
दोन डोळे अपुरे पडणे (कँटोनीज 'मुक पत हा खाप') : दृश्ये भराभर येतात आणि सवड मिळत नाही, तेव्हा.
रत्नांनी नजर भरणे (कँटोनीज 'लाम लोंग मुन मुक') : जेथे नजर जाईल तेथे उत्तमच दिसते, तेव्हा, सामान्य वस्तूंसाठी नव्हे.
डोळे निवणे : मायेचे दर्शन झाले, तेव्हा, विपुलतेची अट नाही.
डोळ्यांचे पारणे फिटणे : दीर्घ प्रतीक्षेनंतर मनाजोगे पाहावयास मिळाले, तेव्हा.
शंका आल्यास समोर किती आहे हे न मोजता पाहणाऱ्याला सवड होती का, ओढ होती का आणि हाती मोलाचे लागले का, हे तीन प्रश्न विचारावेत. योग्य शब्द त्यांच्या उत्तरात सापडतो.